अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी: विधेयक, कायदा आणि आपले ग्रीन कार्ड

एच-वन-बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्या मराठी कुटुंबांना घर, गाडी आणि मुलांची शाळा यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आपण या देशात किती काळ आणि कोणत्या अटींवर राहणार, हे मात्र वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, संमत केलेल्या कायद्यांवर ठरते, आणि त्याविषयी नीट सांगणारे कमी असतात. माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, विधेयक, कायदा, नियम आणि राष्ट्राध्यक्षांचा आदेश या चार गोष्टी पहिल्याच वर्षी वेगवेगळ्या ओळखायला शिका, कारण त्यांची गल्लत झाली की माणूस अफवांवर आपल्या आयुष्याचे निर्णय घेऊ लागतो.

आपण येथे येऊ शकलो याचे मूळ १९६५च्या कायद्यात आहे. त्यापूर्वी वंश आणि जन्मदेश पाहून प्रवेश दिला जात असे. १९४६च्या कायद्याने भारतीयांना जे दार उघडले, तेही वर्षाला केवळ १०० जणांपुरते होते. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली आणि ती कोटापद्धत संपुष्टात आली. आजची चौकट आखली ती १९९०च्या कायद्याने. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांची, वार्षिक मर्यादा सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, ही व्यवस्था तेव्हापासून चालत आली आहे. या १,४०,००० मध्ये अर्जदाराची पत्नी किंवा पती आणि मुले यांचीही गणना होते, हे अनेकांना ठाऊक नसते. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधीकधी भारताकडे वळतात. तरीही भारतात जन्मलेल्या बहुतेकांची रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे, आणि ती लांबी तुमच्या गुणवत्तेवर किंवा कंपनीच्या वकिलावर अवलंबून नाही.

ही मर्यादा कोणताही अधिकारी वाढवू शकत नाही. त्यासाठी कायदाच बदलावा लागतो. ४३५ सदस्यांचे प्रतिनिधिगृह आणि १०० सदस्यांचे सिनेट या काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी बहुमताने एकाच मजकुराला मान्यता द्यावी लागते, आणि सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदानापर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा ६० मते लागतात. २७ जून २०१३ रोजी सिनेटने एक व्यापक सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. त्यात रोजगाराच्या ग्रीन कार्डांवरील देशनिहाय मर्यादा काढण्याची तरतूद होती. प्रतिनिधिगृहाने ते कधी मतदानालाच घेतले नाही. पुढे १० जुलै २०१९ रोजी हीच मर्यादा काढणारे स्वतंत्र विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा मोठ्या बहुमताने संमत झाले, आणि २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटनेही ते बदललेल्या स्वरूपात एकमताने स्वीकारले. परंतु दोन्ही सभागृहांच्या मजकुरांत फरक राहिला, तो मिटवायला वेळ उरला नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या काँग्रेसची मुदत संपताच विधेयकही निकालात निघाले. प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची असते आणि अपुरी राहिलेली विधेयके नव्याने मांडावी लागतात. त्या काळात आपल्या मंडळींमध्ये जी आशा निर्माण झाली होती आणि नंतर जे दुःख झाले, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून सांगतो, विधेयक मांडले गेले किंवा एका सभागृहात संमत झाले, एवढ्यावर घर घेण्याचा, नोकरी सोडण्याचा अथवा भारतात परतण्याचा निर्णय घेऊ नका.

याउलट ज्या कायद्यांचा फारसा गाजावाजा होत नाही, तेच आपल्याला रोज सांभाळतात. एच-वन-बीची मुदत एरवी सहा वर्षांची असते. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना ती पुढे वाढवता येते, आणि शेवटच्या टप्प्याचा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यावर त्याच स्वरूपाच्या कामासाठी मालक बदलता येतो, हे २००० सालच्या कायद्यामुळे. मुलाला २१ वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडिलांबरोबर ग्रीन कार्ड मिळण्याचा त्याचा हक्क जाऊ नये म्हणून वय मोजण्याची काहीशी सवलत २००२च्या कायद्याने दिली. ती पुरेशी नाही. येथे वाढलेल्या मुलांना परदेशी विद्यार्थी म्हणून नव्याने व्हिसा मागावा लागतो, ही मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायाची बाब वाटते.

काही हक्क मात्र कायद्याने नव्हे, तर प्रशासनाच्या नियमाने मिळालेले आहेत. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या एच-फोर जोडीदारांना, म्हणजे एच-वन-बीधारकाच्या पत्नीला किंवा पतीला, २०१५ पासून मिळणारा काम करण्याचा परवाना आणि नोकरी गेल्यावरची ६० दिवसांपर्यंतची मुदत ही त्याची उदाहरणे आहेत. नियम प्रशासन बदलू शकते, म्हणून घराचा हप्ता दोघांच्या पगारावर बेतताना हे लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर १,००,००० डॉलरची अट लादणारी राष्ट्राध्यक्षांची घोषणा, म्हणजेच आदेश, निघाली, तीही १९५२च्या कायद्यात काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अधिकाराच्या आधारे.

विधेयकाचा मजकूर वाटेत किती बदलतो, याचे उदाहरण भारतात पैसे पाठवणाऱ्यांना उपयोगी पडेल. ४ जुलै २०२५ रोजी ज्या मोठ्या अर्थविषयक कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि ज्यातून सीमेवरील भिंतीसाठी ४६ अब्ज डॉलरहून अधिक निधी मंजूर झाला, त्यात परदेशी पाठवलेल्या रकमेवर कर होता. प्रथम ५ टक्के सुचवला गेला, प्रतिनिधिगृहाने ३.५ टक्के संमत केला, आणि सिनेटमधून तो १ टक्का होऊन, रोख रक्कम, मनीऑर्डर अशा साधनांपुरता उरला. अमेरिकी बँक खात्यातून आईवडिलांना पैसे पाठवल्यास तो लागत नाही.

काही कर्तव्येही कायद्यानेच घातलेली आहेत. पत्ता बदलल्यास १० दिवसांच्या आत स्थलांतर खात्याला कळवा. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक काळ राहून देश सोडल्यास ३ वर्षे, आणि एक वर्ष किंवा अधिक राहिल्यास १० वर्षे प्रवेशबंदी, ही १९९६ची तरतूद आहे. वाहन परवाना काढताना मतदार नोंदणीचा प्रश्न विचारला जातो, कारण १९९३च्या कायद्याने ती सोय तेथे जोडली. तेथे चुकूनही होकार देऊ नका, कारण नागरिक नसताना केलेले मतदान हा गुन्हा आहे आणि त्यातून हद्दपारी ओढवू शकते.

मत देता येत नसले, तरी तुम्ही राहता त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी तुमचाही असतो. अर्ज विनाकारण अडकला असेल, तर त्यांच्या कार्यालयात लेखी संमतीपत्र भरून द्या. ते संबंधित खात्याकडे विचारणा करतात. रांगेतील तुमची तारीख ते पुढे आणू शकत नाहीत, पण हरवलेली फाईल त्यांच्या पत्रामुळे सापडू शकते. संमतीपत्रासोबत पावती क्रमांक आणि आजवरच्या पत्रव्यवहाराच्या प्रती जोडायला विसरू नका.