५० मीटरसाठी .२२ चं काडतूस निवडताय? या चुका टाळा

नेमबाजीच्या रेंजवर नवीन आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, सगळ्यात बेस्ट काडतूस कुठलं?" मी विचारतो, कुठल्या रायफलसाठी? की लगेच चेहरा पडतो, याला वाटतं सर टाळतायत. टाळत नाही रे बाबा. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या तरी एकीला जे मानवतं ते दुसरीला मानवत नाही, हे आम्ही कायम बघतो. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं) ऑलिम्पिक ब्रॉन्झ आणलं त्यानंतर पोरं यायला लागली, फार छान झालं, पण सोबत "तो काय वापरतो?" हा प्रश्नही आला. त्याच्या बॅरलमध्ये जे चालतं ते तुझ्या बॅरलला कसं कळणार?

जेवढं फास्ट तेवढं भारी, हे डोक्यातून काढा

ही माझी सगळ्यात नावडती चूक. आमच्या गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडची काही मंडळी घरात रानडुकरांसाठी ठेवलेली बारा बोअरची बंदूक बघत मोठी झालेली असतात, त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं की बार जोरात तर काम चोख. कागद मारायचाय हो आपल्याला, डुक्कर नाही.

.२२ लाँग रायफलच्या (.२२ म्हणजे इंचातली जाडी) मॅच काडतुसात, म्हणजे स्पर्धेच्या काडतुसात, ४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) शिशाची गोळी असते आणि ती सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटरने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खाली. हे मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. हाय व्हेलॉसिटीवाली, म्हणजे जास्त वेगाची, ३८० च्या आसपास निघते, पण हवा तिला भराभर मागे ओढते आणि ५० मीटरवर पोचेपर्यंत ती नेमकी आवाजाच्या वेगाशी येऊन टेकते, जिथे गोळी डळमळायला लागते. आणि वाऱ्याचं तर उलटंच आहे. लोकांना वाटतं गोळी लवकर पोचली तर वारा कमी लागेल, पण गोळी किती ढकलली जाणार हे ती वाटेत किती वेग गमावते त्यावर ठरतं, आणि हाय व्हेलॉसिटीवाली जास्त गमावते. म्हणून दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की तीच जास्त बाजूला जाते. एका गृहस्थांना हे काही केल्या पटेना, खूप वाद घातला, शेवटी त्यांनाच दोन्ही बॉक्स देऊन एकाच वाऱ्यात दोन कागद लावले. स्लोवालीचे होल एका जागी राहिले, फास्टवालीची रांग उजवीकडे चालत गेली. त्यानंतर म्हणाले रायफल खराब आहे. असो.

याचाच भाऊ म्हणजे "जड गोळी घेऊ, जास्त स्टेबल". ६० ग्रेनची .२२ मिळते खरी, पण गोळीला फिरवायला बॅरलच्या आत ज्या पिळाच्या खाचा असतात त्यांचा आपल्या रायफलींत १६ इंचात एक पीळ असतो, त्यात ती पुरेशी फिरत नाही आणि कागदावर आडवी घुसते. गोल होलच्या जागी किल्लीच्या भोकासारखं लांबट होल दिसलं तर समजा. आणि .२२ मॅग्नम, .१७ वगैरे ५० मीटरच्या स्पर्धेत चालतच नाहीत, तिकडे बघूच नका.

बॉक्सचा रंग बघून घेणं, लॉट न बघणं

डिचोलीकडचा एक पोरगा, हात एकदम स्थिर, मेहनती. त्याच्या रायफलला एक लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या काडतुसांचा गट, मस्त बसला होता. स्टेट चॅम्पियनशिप तोंडावर आली आणि स्टॉक संपला, तर घाईघाईत त्याच नावाचे, त्याच रंगाचे बॉक्स घेऊन आला. दुसऱ्या दिवसापासून ग्रुप, म्हणजे कागदावरच्या होलांचा पुंजका, उभा पसरायला लागला. आडवा नाही, फक्त उभा. त्याने आधी साइट फिरवली, मग स्लिंग (रायफल धरायचा पट्टा) बदलली, मग श्वासाची पद्धत बदलली, कोणीतरी सांगितलं म्हणून म्हापशाला जाऊन डोळे तपासून आला, घरच्यांनी नारळ पण ठेवला असेल देवाला. मी त्याला विचारलं बॉक्सच्या झाकणावरचा नंबर वाच रे जरा. जुन्या रिकाम्या बॉक्सवर एक नंबर, नव्यावर दुसरा. एवढंच.

लॉट बसला नाही की ग्रुप उभा का पसरतो, हिशेब करून बघा. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती बारा-साडेबारा सेंटीमीटर खाली पडते. आता एका गोळीचा वेग दुसरीपेक्षा सेकंदाला १० मीटरने कमी असला तर ती आणखी ७-८ मिलिमीटर खाली लागते. आणि ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाची रिंग आहेच मुळी १०.४ मिलिमीटरची. रेषेला शिवलं तरी दहा मिळतो हे धरलं तरी गोळीचं सेंटर १६ मिलिमीटरच्या गोलात राहायला हवं, त्यातले निम्मे तुमच्या काडतुसानेच खाल्ले. मग श्वास धरून काय उपयोग?

मोठे शूटर इंग्लंडला, जर्मनीला कंपनीच्या टेस्ट रेंजवर रायफल नेतात, तिथे बॅरल क्लॅम्पमध्ये धरून लॉटमागून लॉट मारतात आणि जो बसला तो विकत घेतात. आपल्याला ते परवडत नाही, म्हणून मी काय करतो तर तीन-चार वेगवेगळ्या लॉटचे एकेक बॉक्स घ्यायचे, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून सकाळी वारा नसताना मारायचं, आणि जो बसेल त्याचं लायसन्समध्ये बसेल तेवढं लगेच उचलायचं, पुढच्या महिन्यात बघू म्हणालात की संपला. घरी आल्यावर लॉट नंबर मार्करने मोठ्या अक्षरात बॉक्सवर लिहायचा.

आणि कृपा करून तीन गोळ्यांचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तीन गोळ्या कुणाच्याही एका जागी लागतात. दहा-दहाचे निदान चार ग्रुप, आणि वाईट गोळीला "ती माझी चूक होती" म्हणून वगळायचं नाही. पोरांना एवढा धीर नसतो, बॉक्स उघडला की अर्ध्या तासात निकाल पाहिजे.

गोळीवरचं मेण पुसणं

हे मी बघितलं तेव्हा मला खरंच बसावं लागलं. बोटं चिकट होतात म्हणून एका नवख्याने अख्खा बॉक्स रुमालाने एकेक करून चकचकीत पुसला होता, ओळीने मांडून. ते मेण मुद्दाम लावलेलं असतं! नाहीतर शिसं बॅरलला आतून चिकटतं आणि मग ग्रुप उघडत जातो. बोटं पुसा, गोळी नको.

मेणाचाच दुसरा मुद्दा. ब्रँड बदलला की आधीच्याचा थर बॅरलमध्ये असतो, त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजायच्याच नाहीत. महाग वाटतं, मान्य आहे, पण त्या गोळ्या धरून निकाल काढलात तर सगळा बॉक्सच वाया.

बाकी थोडक्यात. मे महिन्यात गाडीत बॉक्स ठेवून मिरामारला फिरायला जाऊ नका. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, कपाटात कपड्यांखाली नको, आपल्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते तिथे पितळ काय टिकणार. फ्रिजमध्ये तर अजिबात नको, बाहेर काढलं की घाम सुटतो त्याला. .२२ ला छोटी समजून बागायतीत झिरो करायला (साइट नेमावर लावायला) जाणाऱ्यांनी बॉक्सवरची वॉर्निंग वाचावी, ही गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते.

आणि फुसका बार. टक् झालं, पण आवाज नाही, की पोरगं लगेच बोल्ट (रायफल उघडायचा खटका) ओढतं. नाही! नळी टार्गेटकडेच, निदान तीस सेकंद तसंच थांबायचं, मग उघडायचं. .२२ मध्ये दारू पेटवणारा मसाला कडेच्या रिममध्ये फिरवून भरलेला असतो, एखाद्या ठिकाणी कमी पडला की असं होतं. "फुस्स" असा बारीक आवाज आला तर ते जास्त वाईट, गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, बोल्ट काढून आरपार बघितल्याशिवाय पुढची घालायची नाही. न फुटलेल्या काडतुसाचा लॉट मी वहीत लिहितो, आणि त्याच बॉक्समध्ये दुसरं निघालं की तो बॉक्स स्पर्धेला नेत नाही, प्रॅक्टिसलाही नाही.