पावसाळ्यात घरचा कॉम्प्युटर स्वतः उघडताय? मग या चुका तरी टाळा

जून लागला की माझा फोन वाजायला लागतो. काल रात्री चांगला चालत होता, सकाळी नुसता पंखा फिरतोय नि स्क्रीन काळी. मी कुडाळ-मालवण पट्ट्यात गेली पंधराएक वर्षं लोकांचे कॉम्प्युटर बघतोय, दुकान नाहीये, नोकरी सांभाळून वाडीतल्या नि ओळखीतल्या लोकांचं काम करतो, आणि दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव तुटतो. बऱ्याचदा मूळ बिघाड शंभर-दोनशे रुपयांचा असतो, पण आपण दुरुस्त करायला जाऊन तो हजारांवर नेलेला असतो. घरी स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायला माझी अजिबात ना नाही, घ्यायलाच हवा, पण व्हिडिओत दाखवतात ती खोली कोरडी असते, तिथे खारा वारा नसतो, कौलातून ठिबकत नसतं नि दिवसातून चारदा लाइट जात नसते. आपल्याकडे दमट हवा आणि लाइट या दोन गोष्टींकडे आधी बघायचं, सॉफ्टवेअरकडे सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात.

भिजलेलं मशीन "चालू होतंय का बघूया" म्हणून लावणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. पाणी पडणं कोणी टाळू शकत नाही, कौल फुटतं, पन्हळ तुंबते, पोराच्या हातून चहा सांडतो, ते होणारच. मशीन मरतं ते त्याच्यानंतरच्या दहा मिनिटांत, आपण बटण दाबतो म्हणून.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या मावसबहिणीचं तळमजल्यावरचं घर छातीपर्यंत बुडालं. रस्ते मोकळे झाल्यावर मी गेलो. घरात दोन मशीनं होती. एक भावोजींचा डेस्कटॉप, त्यात दुकानाचे सात-आठ वर्षांचे हिशोब नि घरातले सगळे फोटो, आणि दुसरा भाचीचा लॅपटॉप. मी पोचायच्या आदल्या दिवशी भावोजींनी डेस्कटॉपवर नळीने पाणी मारून गाळ काढला, बाहेरून पुसला, रात्रभर ठेवून दिला आणि शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर लाइट आली होती म्हणून तिथे नेऊन लावला. बाहेरून एकदम चकाचक होता. पंखा फिरला म्हणून सगळे खूश झाले, मग हार्ड डिस्क कर्र-टक कर्र-टक करायला लागली आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा, फट् करून गेला.

मी उघडून बघितलं तर एसएमपीएसच्या जाळीआड बोटभर गाळ, ओलाच, हाताला दह्यासारखा लागणारा. हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी छापलेलं असतं की हे झाकू नका, त्या भोकाच्या कडेला मातीची रेघ होती. ते भोक आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून असतं, त्याला आतून फिल्टर असतो पण तो धुळीसाठी, पुराच्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. आत तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेऱ्या मारते आणि हेड तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगतं, तिथे गाळाचा कण आला की तबकडीवरचा लेप खरवडून निघतो. खरवडलेल्या जागेवरचा डेटा मग कोणी परत आणू शकत नाही. तीच डिस्क तशीच न लावता डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेली असती तर ते स्वच्छ खोलीत उघडतात, तबकड्या धुतात, बऱ्याचदा निघतं. आणि एक गोष्ट उलटी वाटेल पण लक्षात ठेवा, पुरात बुडालेली डिस्क सुकवायची नाही. ओलसर फडक्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठवायची, कारण गाळ आत वाळला की तबकडीला चिकटून बसतो.

भाचीच्या लॅपटॉपला कोणी हात लावला नव्हता, तो माळ्यावर टाकून दिलेला होता, मेलाच म्हणून. मी खालचं झाकण काढलं नि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सुटा केला. बाकी सगळं नंतर. मग बोर्ड बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटर नि जुन्या दात घासायच्या ब्रशने हळूहळू धुतला, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, 99 टक्केवालं, आणि मग घरी आणून पाच दिवस पंख्याच्या वाऱ्यावर ठेवला. जुलैत ऊन कुठलं मिळणार. चौथ्या दिवशी घरातले सगळे म्हणायला लागले की आता लावून बघ, मी नाही लावला. बॅटरी नि कीबोर्ड नवीन घ्यावा लागला (पाण्यात गेलेली लिथियम बॅटरी परत चार्ज करायची नाही, पेट घेऊ शकते), पण बोर्ड जगला आणि पोरीने पुढची ऑनलाइन लेक्चर्स त्याच्यावरच केली.

म्हणून चहा, पाणी, पागोळी, काहीही पडलं तरी आधी चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, लॅपटॉप उपडा करा, बॅटरी सुटी करा. साधं पाणी असेल तरी पावसाळ्यात कमीत कमी चार दिवस सुकू द्या. साखरेचा चहा किंवा समुद्राचं पाणी असेल तर नुसतं सुकवून भागत नाही, मीठ-साखर बोर्डवर राहते, हवेतला ओलावा ओढते नि महिन्याभराने हिरवा गंज चढतो, धुवावंच लागतं. हेअर ड्रायर नको, तो पाणी आणखी आत ढकलतो.

आणि तांदूळ! कृपा करून लॅपटॉप तांदळात पुरू नका. श्रावणात आपल्या डब्यातला तांदूळ स्वतःच ओला लागतो, पापड दोन मिनिटं बाहेर राहिला तर सादळतो, त्या हवेत तांदूळ कोणाचं काय शोषणार. वर त्याची भुकटी यूएसबीत नि पंख्यात जाऊन बसते.

करंट लागतो म्हणून एसएमपीएस बदलत बसणं

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अनवाणी असलं की जास्त. ही तक्रार एप्रिल-मेमध्ये येते, नि याच्यावरचे लोकांचे उपाय बघून मला भीती वाटते. कोणी चपला घालून बसतो, कोणी खुर्चीखाली लाकडी पाट ठेवतो, एकाने तर प्लगची वरची जाडी पिन पक्कडने तोडून टाकली होती, पॉवर स्ट्रिपमध्ये बसत नाही म्हणून. ती पिन म्हणजे अर्थिंग. ती तोडली तर उद्या आतली वायर कॅबिनेटला चिकटली तेव्हा करंट जमिनीत जायच्या ऐवजी तुमच्यातून जाणार.

देवगडकडे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, एका घरात मला बोलावलं होतं. दोन एसएमपीएस बदलून झाले होते, कीबोर्ड बदलला होता, झिणझिण्या तशाच. काकी म्हणाल्या, "मशीनच बाधला आसा रे, तू घेवन जा." मी मल्टीमीटर काढला. फेज (करंट येतो ती वायर) ते न्यूट्रल (परतीची वायर) 230 व्होल्ट, बरोबर. फेज ते अर्थ 130 नि न्यूट्रल ते अर्थ शंभरच्या आसपास, म्हणजे अर्थ नावालाच आहे, जमिनीशी त्याचा संबंध नाही. चांगल्या अर्थिंगला न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नको. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे बारीक कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट बॉडीला सोडतात, अर्थ चांगला असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो, नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं. नवा एसएमपीएस लावा, जुना लावा, झिणझिण्या येणारच, कारण दोष त्याचा नाहीये.

मग काकांबरोबर घरामागे गेलो. वायरमनने अर्थिंगचा पाइप कातळात जेमतेम दोन फूट घातलेला, वर सिमेंट फासलेलं. पावसाळ्यात कातळावर पाणी असतं तेव्हा कसंबसं चालायचं, शिमगा झाला की जांभा खडखडीत कोरडा, मग कसलं अर्थिंग. सड्यावर घर बांधणाऱ्यांनी हे ऐकाच, अर्थिंग घराजवळच हवं असा हट्ट करू नका, जिथे माती आहे नि बारा महिने ओल आहे तिथे न्या. त्या घरात न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडलेलं होतं, त्याच्या शेजारी आठ फूट खड्डा मिळाला, लायसन्सवाल्या वायरमनकडून मीठ-कोळसा घालून पाइप बसवून घेतला नि पट्टी घरापर्यंत ओढली. संध्याकाळी मोजलं तर दीड व्होल्ट. जुना एसएमपीएस परत लावला, तोच अजून चालतोय. बोर्डावर 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) पण बसवून घेतला, माझा तो आग्रहच असतो. चालू सॉकेटमध्ये मीटर घालायची सवय नसेल तर ते स्वतः करू नका, वायरमनला समोर उभं राहून मोजायला लावा.

तारीख चुकली की फॉरमॅट

कुठलीच वेबसाइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणून दाखवतो, म्हणजे व्हायरस आला, म्हणजे फॉरमॅट. अरे, आधी खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ बघा! दहा वर्षांपूर्वीची तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाणं-सेल संपलाय, सीआर2032, तीन व्होल्टचा, किराणावाल्याकडेपण मिळतो. वेबसाइट खरी आहे हे दाखवणारं सर्टिफिकेट असतं, त्याला मुदत असते, तुमचं मशीन दहा वर्षं मागे असेल तर त्याला ती सर्टिफिकेटं खोटी वाटतात. आपल्याकडे हा सेल लवकर उतरतो कारण आपण विजेच्या भीतीने प्लग काढून ठेवतो, ते बरोबरच आहे, पण प्लग काढला की घड्याळ पूर्ण त्या सेलवर चालतं. मी तर तीन वर्षं झाली की न विचारता बदलतो.

पण याच्यात एक खड्डा आहे. सेल बदलला की बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) सेटिंग मूळपदावर जातात, जुन्या बोर्डांवर हार्ड डिस्कशी बोलायचा मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर येतो आणि विंडोज निळा स्क्रीन देऊन परत परत रिस्टार्ट होतं. घाईवाले तिथे पेन ड्राइव्ह लावून फॉरमॅट मारतात. माझ्याच एका मित्राने असा आई-वडिलांच्या साठीचा सगळा व्हिडिओ घालवला, एका सेटिंगपायी. सेल काढायच्या आधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. मी आजही काढतो.

फॉरमॅटबद्दल एकच सांगतो, दुसऱ्या डिस्कवर कॉपी घेतली नि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली, त्याच्याशिवाय फॉरमॅट नाही. डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला असं नसतं, डिस्क एकच असते.

बाकीच्या, थोडक्यात

रॅम काढून पॉलिश पेपरने घासू नका. वरचा सोन्याचा मुलामा एवढासा असतो, तो गेला की खाऱ्या हवेत आतलं तांबं पंधरा दिवसांत काळं. मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने, भुगा झटकायचा, मग अल्कोहोल लावलेलं सुती फडकं, आणि बसवताना दोन्ही बाजूंची खिटी कट् वाजेपर्यंत दाबायची. स्क्रीन काळीच्या निम्म्या केसेस मी एवढ्यावर सोडवतो.

पंखा खरखरतो म्हणून खोबरेल तेल घालणारे प्रत्येक गावात आहेत. चार दिवस शांत वाटतं, मग त्याच तेलावर धूळ बसून चिकट लगदा होतो, नि थंडीत पहाटे ते तेल थिजतं. पंखा बदला. साफ करताना ब्लोअर मारायचा तर पाती बोटाने धरून ठेवा, गरागरा फिरवू नका.

विजा चमकतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटणाने फक्त फेज तुटतो. प्लग ओढा, राउटरचा अडॅप्टर ओढा, लॅनची वायरसुद्धा ओढा. मे महिन्यातला वळवाचा नि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस यात सगळ्यात जास्त बोर्ड जातात, भर जुलैत नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत विहिरीचं किंवा पागोळीचं पाणी नको, डिस्टिल्डच.

मुंग्यांसाठी कॅबिनेटमध्ये डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वासाने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं. कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा.

लॅपटॉपचे स्क्रू एका वाटीत गोळा करायचे नाहीत. लांब स्क्रू आखूडच्या भोकात गेला की टचपॅड किंवा बोर्ड फोडतो. मी कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढतो आणि स्क्रू जिथून निघाला तिथेच सेलोटेपने चिकटवतो.

पावसाळ्यात मशीन महिनाभर झाकून ठेवू नका, गणपतीत चाकरमानी आल्यावर ते उघडतात नि चालत नाही. रोज तासभर चालू ठेवलं तर आतल्या गरमीने ओलावा बसत नाही.

आणि कॅबिनेटच्या मागची कार्डाची मोकळी खाच उघडी ठेवू नका. पाल तिथूनच आत जाते, ऊब मिळते म्हणून, नि मदरबोर्डवर चिकटून मरते, सोबत बोर्डही घेऊन जाते. पट्टी हरवली असेल तर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बाहेरून चिकटवा, हवा खेळती राहते. झाकण लावायच्या आधी टॉर्च मारून एसएमपीएसच्या मागे एकदा बघून घ्या.