घरची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना

आवारात ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली प्रीमियर पद्मिनी मोटार मोठ्या हौसेने उघडली आणि ती पुन्हा कधीच जोडली गेली नाही, असे एखादे उदाहरण बहुतेकांच्या ओळखीत सापडते. त्याचे कारण पैसा किंवा सुटे भाग हे क्वचितच असते. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात दारे, सीट, इंजिन, वायरिंग सगळे सुटे केले जाते, मग पावसाळा येतो, खोकी इकडची तिकडे होतात, आणि दोन वर्षांनी कोणता बोल्ट कुठला हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे त्याला एकच नियम धरून ठेवतो: गाडी स्वतःच्या चाकांवर हलू शकेल अशा अवस्थेत शक्य तितका काळ ठेवावी, एका वेळी एकच भाग उघडावा, आणि तो पूर्ण करून जागेवर बसवल्याशिवाय पुढच्या भागाला पाना लावू नये.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी फियाट ११०० च्या परवान्यावर तयार होत असे, आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, स्टिअरिंगखालचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे पाटे, एवढाच तिचा संसार आहे. संगणकाचा कुठे संबंध नसल्यामुळे घरच्या हत्यारांनी तिचे बरेच काम करता येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे तिचे सुटे भाग आणि जाणकार मिस्त्री अनेक दशके मुबलक होते, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. भाग अजून मिळतात, मात्र कान लावून टॅपेट (व्हॉल्व्हमधली बारीक फट) सेट करणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेले आहेत. असा एखादा माणूस आसपास असेल, तर पहिला खर्च त्याच्या सल्ल्यावर करावा.

पाना हातात घेण्याआधी कागद पाहावेत. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावे हस्तांतरणासाठी नमुना ३१ चा अर्ज करावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटली असतील, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी घेता येते. तिची मुदत १० वर्षांची असते, मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही आणि तिच्या मूळ रचनेत मोठे बदल केलेले चालत नाहीत. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांचे पेन्सिल प्रिंट (कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेले ठसे) आताच घेऊन नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावेत. क्रमांक असलेला पत्रा सडका असला, तरी तो कापून टाकण्याची चूक करू नये, कारण पुढे परिवहन कार्यालयात त्याचे उत्तर देता येत नाही. रंग बदलायचा असेल तर तीही नोंद करून घ्यावी लागते.

पहिले काम म्हणजे सड शोधणे, आणि त्याला हत्यार म्हणून लोहचुंबक, टॉर्च आणि एक बोथट पेचकस एवढे पुरे आहे. चुंबकाला पातळ कापड गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जिथे त्याची पकड सुटते तिथे रंगाखाली पुट्टीचा थर आहे, म्हणजे कधीतरी ठोकर किंवा सड झाकलेली आहे. गालिचे आणि त्यांच्याखालचा डांबरी थर काढून फरशी पाहावी, डिकीतली स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा पत्रा, हेडलाइटभोवतीचा भाग आणि दारांच्या खालच्या कडा पाहाव्यात. दारांच्या तळाला पाणी निचरून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली की काचेवरून उतरलेले पाणी आतच साचते आणि दार आतून बाहेर सडते. सापडलेली प्रत्येक जागा खडूने खुणावून तिचे फोटो काढावेत. पुढेही काहीही सोडवताना आधी फोटो, मग प्लास्टिकच्या पिशवीत त्या भागाचे नटबोल्ट, आणि पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने नाव, हा क्रम सोडू नये.

सुरुवात इंजिनापासून करावी असे माझे मत आहे, कारण स्वतःच्या बळावर चालणारी गाडी पत्र्याच्या कामाला नेता-आणता येते. बरीच वर्षे उभ्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नये. पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि जोर लावला तर त्या तुटतात. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, तीन-चार दिवस थांबावे, आणि मग टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे हलवत इंजिन मोकळे करावे. ते फिरू लागले की जुने ऑइल बदलावे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा) असतो, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर बहुधा त्यांच्यामधले हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालची, म्हणजे हेडखालची सांधपट्टी) गेलेले असते. हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे एकदा इंजिन उकळले की ते वाकते, म्हणून हेड उतरवल्यावर लेथवाल्याकडून सपाटी तपासून गरज असेल तरच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घ्यावे. बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग आणि फेसिंग ही कामे बाहेरच द्यावीत. व्हॉल्व्ह घासून बसवणे, टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग ही घरी जमणारी कामे आहेत. प्लगच्या वायरी लावताना फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे हे झाकणावर लिहून ठेवावे, कारण एक वायर चुकली तर दिवस वाया जातो.

घाटात गाडी उकळणे आणि बॉनेट उघडून बाटलीने पाणी ओतणे ही अनेक घरांतली सहलीची आठवण असली, तरी तो गाडीचा स्वभाव नव्हता, रेडिएटर साफ नसल्याचा परिणाम होता. रेडिएटर रॉडिंग करून (नळ्यांत सळ्या घालून साफ करून) घ्यावा, होज म्हणजे रबरी नळ्या नव्या टाकाव्यात आणि कोणत्या तरी मिस्त्रीने काढून फेकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारी झडप) परत बसवावा. पेट्रोलची बाजूही याच वेळी उरकावी. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते पाणी शोषून घेते व जुन्या रबराला मऊ करते. टाकी उतरवून आतला गंज आणि घट्ट झालेला डिंक साफ करावा, पेट्रोलचे सर्व होज इथेनॉल सोसणारे टाकावेत, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची किट बदलावी, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी तशीच भरून ठेवू नये. उसाच्या मळ्यातून निघालेले इंधन आजोबांच्या गाडीला मानवत नाही, ही थोडी गंमतच आहे.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि रबरी होज सरसकट बदलावेत. गंजलेल्या सिलिंडरला फक्त नवे वॉशर टाकले तर ते काही महिन्यांतच गळू लागते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो, आणि हे काम रंगाच्या आधी करण्याचे तेही एक कारण आहे. गाडीखाली शिरताना ती जॅकवर किंवा विटांवर कधीही ठेवू नये. वीट आधी न सांगता फुटते. लोखंडी स्टँडच वापरावेत आणि जमिनीवर उरलेल्या चाकांना पाचर लावावी.

आता पत्रा, आणि वेळ व पैसा सर्वाधिक खाणारे काम हेच आहे. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खाली स्वतंत्र सांगाडा नाही. फरशी, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. ही गोष्ट विसरून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकदम कापल्या, तर गाडी मधून खचते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून घ्यावा, दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, एक बाजू पूर्ण करून दार लावून पाहावे आणि मगच दुसरीकडे वळावे. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा जोडावा. सडक्या पत्र्यावर वरून ठिगळ मारले, तर दोन पत्र्यांमध्ये पाणी धरून राहते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा भोक पडते. आमच्या गाडीच्या फरशीत अशी एकावर एक तीन ठिगळे निघाली आणि प्रत्येकाच्या वर व्यवस्थित डांबर फासलेले होते. वेल्डिंग सीओटूचे (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात विजेने केलेले) करून घ्यावे, कारण गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा लाटांसारखा उचलतो. स्वतःला वेल्डिंग येत नसेल तर जोडणाऱ्याला घरी बोलवावे आणि कापणे, घासणे, साफ करणे आपण करावे; मजुरीचा मोठा भाग त्यातच असतो. वेल्डिंगआधी बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि जवळचे कुशन काढून ठेवावे आणि वाळूची बादली हाताशी असावी.

उघडा केलेला पत्रा आपल्याकडच्या हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, एका रात्रीत लाल पडतो. म्हणून सकाळी जेवढा घासाल तेवढ्याला संध्याकाळपर्यंत प्रायमर लागला पाहिजे. पुट्टी ही पातळ खोलगटपणा भरण्यासाठी असते, पत्र्याच्या जागी लावण्यासाठी नव्हे. रंगाचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात घ्यावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत जुन्या पद्धतीच्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पांढरी झाक येते आणि उन्हाळ्यात धूळ बसते. टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाच्या हार्डनरची वाफ फुफ्फुसांना घातक असते, त्यामुळे तो रंग घरी न मारता बूथ असलेल्या पेंटरकडे द्यावा. डिकीच्या झाकणाखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे मूळ रंगाची छटा बहुधा शाबूत सापडते, तिच्यावरून रंग जुळवून घ्यावा.

वायरिंगला रंगानंतर हात लावावा आणि तेही एकेक शाखा करून. जुन्या वायरचा प्लास्टिक लेप कडक होऊन तडकतो आणि उंदीर उरलेले काम करतात. प्रत्येक टोकाला चिठ्ठी चिकटवून, जुनी वायर समोर ठेवून तेवढ्याच लांबीची आणि रंगाची नवी वायर तयार करावी, अर्थिंगच्या जागा पत्र्यापर्यंत घासाव्यात, आणि हेडलाइटसाठी रिले (स्विचवरचा भार कमी करणारे विद्युत उपकरण) व बॅटरीजवळ एक मेन स्विच वाढवावा. दारांच्या बीडिंग, काचांची रबरे आणि सीटची शिलाई शेवटी. क्रोमची जाळी, टोप्या, मोनोग्राम असे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा कुर्ल्याच्या भंगार दुकानांत चिकाटीने शोधले तर मिळतात. मात्र आपला भाग सोबत नेऊन शेजारी धरून पाहावा, कारण वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांमध्ये बारीक फरक आहेत. सीटवरचा एखादा जुना डाग किंवा स्टिअरिंगवरची झिजलेली जागा तशीच ठेवली तरी बिघडत नाही. मी वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेली गिअरची मूठ बदललेली नाही.

इंजिनाचे काम झालेली गाडी पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या आत आणि चढावर खालच्या गिअरमध्ये चालवावी. त्यानंतर ऑइल बदलावे, थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा तपासावेत, हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि मापाने पुन्हा आवळावेत, चाकांचे नट पाहावेत आणि रात्रभर गाडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरून ठेवावे. सकाळी त्यावर पडलेले डाग पाहिले की पुढचा पाना कुठे लावायचा ते कळते.