दुधीचा वेल लावण्याआधी

उत्तरायण (संक्रांत) झालं, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही झालं, की बडोद्याच्या गच्च्या पतंगवाल्यांकडून पुन्हा कुंडीवाल्यांकडे येतात. उन्हाळी दुधीची तयारी सुरू करायची ती याच सुमाराला. आधीच मांडव उभा केलात तर पोरं त्यावरच पाय देऊन कटलेला पतंग काढणार. फार उशीर केलात तर वेल फुलावर येईपर्यंत ऊन इतकं तापतं, की नर फुलंच जास्त येत राहतात. पेरणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत व्हावी. तोवरचे दिवस सामान जमवायचे.

सामानाच्याही आधी एक गोष्ट ठरवून टाका: वेल एकच, फार तर दोन. चौघांच्या घराला एवढं पुरे. पाकिटात दहा बिया आल्या म्हणून दहाही लावणारी मंडळी एप्रिल-मेमध्ये पिशवी घेऊन जिने चढताना दिसतात, आणि शेजारचे बेल वाजली तरी दार उघडत नाहीत. बियाणं सुधारित वाणाचं घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘सम्राट’ किंवा बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेचा ‘अर्का बहार’ घरच्या मांडवाला छान. बियांना गुलाबी किंवा हिरवा रंग लावलेला असला तर ते औषध असतं. पाकीट स्वयंपाकघरात ठेवू नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

मागे अंगण असेल तर प्रश्नच नाही: हात-दीड हात रुंद आणि तेवढंच खोल आळं खणा, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला, झालं. गच्चीवर मात्र अठरा बाय अठरा इंचाची ग्रो-बॅग हवी, लहान चालत नाही. माती दोन भाग, शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग. ही पिशवी ओली झाली की ऐंशी किलोच्या आसपास भरते, म्हणून ती स्लॅबच्या मधोमध न ठेवता कडेला, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. आणि जागेवर ठेवूनच भरा. भरल्यावर ती सरकवायला दोन माणसं लागतात आणि तळ फाटतो.

आता मांडव. बहुतेकांचं इथेच बिघडतं, कारण रोप वीतभर असताना मांडवाची गरज दिसत नाही आणि गरज दिसते तेव्हा वेल शेजारच्या डिश अँटेनावर गेलेला असतो. बी टाकायच्या आधी मांडव उभा हवा. उंची साडेसहा फूट, म्हणजे खालून ताठ उभं राहून चालता यावं आणि लोंबणारा दुधी हाताला लागावा. चार बांबू किंवा जुने लोखंडी पाइप, वर वीतभर चौकटींची नायलॉनची जाळी. चारही पाय कठड्याला तारेने आवळून बांधा. मे अखेरीस वावटळ सुटते तेव्हा दहा-बारा दुधी लागलेला मांडव शिडासारखा वारा धरतो. खांबापासून जाळीपर्यंत वेल चढवायला सुतळी घ्या, आणि खोड बांधायला जुन्या सुती साडीच्या चिंध्या. गच्चीभर पडलेला मांजा फुकटचा आहे म्हणून तो वापरायचा मोह होतो, पण काचेचा मांजा कोवळं खोड चिरतो. तो गोळा करून कात्रीने तुकडे करून टाकलेला बरा. पक्षी अडकतात त्यात.

फेब्रुवारीच्या रात्री अजून गार असतात, त्यामुळे बी थेट मातीत टाकलं तर रुसून बसतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या डोक्यावर किंवा गव्हाच्या कोठीत ठेवा. मोड दिसला की टोक खाली करून इंचभर खोल लावा.

वेल जाळीला टेकला की शेंडा खुडायचा. मग बाजूचे फुटवे येतात, त्यांना दहा-बारा पानं झाली की त्यांचेही शेंडे खुडायचे. त्यानंतरच्या फांद्यांवर मादी फुलं भरपूर लागतात. गच्चीवर शेती करणारे याला ‘थ्री-जी’, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्या, म्हणतात. नुसती नर फुलं येताहेत म्हणून पहिल्या दिवसांत घाबरू नका, तीच आधी येतात. मादी फूल ओळखायला पाकळ्यांकडे बघूच नका, देठाकडे बघा: फुलाच्या मागेच बोटाच्या पेराएवढा, पांढुरक्या लवेचा दुधी तयार असतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतात. त्यांच्यावर रात्री उडणारे पतंग-किडे येतात, दिवसाच्या मधमाश्यांच्या भरवशावर राहून भागत नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर तर काहीच येईना असं होतं. म्हणून दिवेलागणीला गच्चीवर जायची सवय लावून घ्या. नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा, आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या आतल्या गड्ड्यावर हलक्या हाताने फिरवा. जमलं तर दोन-तीन दिवसांत दुधी फुगू लागतो. नाही जमलं तर पिवळा पडून गळतो. पहिले काही गळतातच.

औषधांच्या दुकानात जाण्यापूर्वी घरात तीन गोष्टी असू द्या. चाळलेली राख, कोवळ्या रोपावर बसणाऱ्या लाल भुंग्यांसाठी. ते सकाळी गारठ्यात सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकताही येतात. जुन्या मलमलीच्या पिशव्या, दुधी लागल्याबरोबर चढवायला. नाहीतर फळमाशी टोचते, त्या जागी डिंकाचा थेंब येतो आणि दुधी वाकडा होऊन आतून सडतो. आणि फळमाशीचा कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासाने ओढून अडकवणारा. किडका दुधी खताच्या डब्यात टाकू नका, काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा. पाणी मार्चपर्यंत सकाळी, एप्रिलपासून दोन्ही वेळा. दुपारी टाकीतून येणारं पाणी पोळतं, ते मुळांना नको.

स्वयंपाकघराची तयारीही पेरणीच्याच दिवशी डोक्यात असू द्या, कारण साधारण दोन महिन्यांनी दुधी उतरू लागतो आणि मग थांबत नाही. फूल फळल्यापासून दहा-पंधरा दिवसांत, नख सहज रुतत असताना आणि सालीवर लव असतानाच, दोन बोटं देठ ठेवून कात्रीने कापा. मोठा होऊ दे म्हणून एक जरी वेलावर ठेवलात तर नवे धरायचे मंदावतात. चिरल्यावर आधी एक कच्चा तुकडा जिभेला लावायचा. कडू लागला की थुंकून द्या आणि अख्खा दुधी टाका; शिजवून तो कडूपणा जात नाही. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा जीव गेला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही हाच सल्ला दिला: चव घेऊन मगच रस काढा, कडू असेल तर काढू नका.

चणाडाळ घालून भाजी सगळ्यांनाच येते. बडोद्यात राहून मुठिये मात्र केलेच पाहिजेत, त्यासाठी गुजराती भाकरीचं, म्हणजे गव्हाचं, जाडं पीठ आणून ठेवा. दोन वाट्या किसाला दीड वाटी जाडं पीठ, अर्धी वाटी बेसन, आलं-मिरची, हळद, मीठ, चमचाभर साखर, दोन चमचे दही, पळीभर तेल, चिमूटभर सोडा. कीस पिळायचा नाही आणि वरून पाणी घालायचं नाही. दुधीलाच पाणी सुटतं. म्हणून चाळणी उकळत्या पाण्यावर ठेवल्यावरच पीठ कालवा, आधी कालवून ठेवलं की ते सैल होऊन हाताला चिकटतं. तेलाच्या हाताने मुठी वळून वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. गरम असताना कापले तर भुगा होतो. निवले की कापा आणि मोहरी, तीळ, कढीपत्त्याच्या फोडणीत कडा खरपूस होईपर्यंत परता. साली बारीक चिरून तेलावर कुरकुरीत करा, तीळ, सुकं खोबरं आणि लाल तिखट घालून कुटा. डब्यात ही चटणी आठ दिवस सहज टिकते. चुकून जून झालेला एखादा निघालाच तर बिया आणि मधला कापूस काढून हलवा करा. त्यासाठी मात्र कीस पिळून घ्या, नाहीतर दूध आटता आटत नाही.