चिनी वैद्यकाचे चिकित्सक आणि क्लिनिकल संशोधन: नवोदितांसाठी काही अनुभव

मेलबर्नमध्ये चिनी वैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्यांना क्लिनिकल म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवर होणाऱ्या संशोधनाची पद्धत शिकवण्याचे काम मी करते. महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर कायदा झाल्यापासून तिकडचे तरुण चिकित्सकही या विषयावर विचारणा करू लागले आहेत. संख्याशास्त्र कुठून शिकावे, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते ते थोडे मागाहून शिकले तरी चालते. त्याआधी शिकायचे असते ते, आपण रोज सवयीने घेतो ते उपचाराचे निर्णय पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी कागदावर उतरवणे.

चिकित्सक जीभ आणि नाडी पाहतो, झोपेची, तहानेची, घामाची चौकशी करतो आणि एकाच आजाराच्या दोन रुग्णांना दोन वेगळे योग, म्हणजे औषधी मिश्रणे, देतो. त्यामुळे या शास्त्राची चाचणी होऊच शकत नाही, असे वर्गात कोणीतरी ठामपणे म्हणतेच. तेव्हा मी सिडनीत झालेली आणि १९९८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी वाचायला देते. आतड्याच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या ११६ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला ठरावीक योग, दुसऱ्याला प्रत्येकाच्या प्रकृतीनुसार बेतलेला योग आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ कॅप्सूल. सर्वांना कॅप्सूलच मिळत असल्याने कोणाच्या पोटात काय जाते आहे, हे चिकित्सकालाही ठाऊक नव्हते. सोळा आठवड्यांच्या उपचारानंतर दोन्ही औषधी गट प्लासिबोपेक्षा सरस ठरले आणि बेतलेला योग ठरावीक योगाहून वरचढ दिसला नाही. मात्र उपचार थांबल्यावर चौदा आठवड्यांनी सुधारणा टिकून होती ती बेतलेल्या योगाच्या गटातच. व्यक्तिगणिक उपचार चाचणीत बसवता येतात, त्यासाठी नियम आधी लिहावे लागतात, एवढे यातून नक्की दिसते.

हे नियम लिहिण्याचा सराव आपल्या दवाखान्यातच करता येतो. एखाद्या सहकाऱ्यासह तेच रुग्ण स्वतंत्रपणे तपासा, आपसात न बोलता निदान लिहा आणि मग कागद शेजारी ठेवा. तफावत निघते, आणि नाडीबद्दल ती बहुधा सर्वाधिक असते. कोणत्या लक्षणाला किती वजन द्यायचे, यावर तिथून सुरू होणारी चर्चा मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोलाची वाटते.

अ‍ॅक्युपंक्चरमध्ये तुलना कशाशी करायची, हा प्रश्न अधिक अवघड आहे. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरला ४७.६ टक्के, अ‍ॅक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून वरवर सुई टोचण्याला ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांना २७.४ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. यातला एकच आकडा उचलून बाजू मांडणारे दोन्हीकडे आहेत. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुई बरी का, आणि तो बिंदूच महत्त्वाचा का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; आपला कोणता, ते आरंभीच ठरवावे. खोकताना-शिंकताना लघवी गळण्याच्या त्रासावर चीनमधील बारा रुग्णालयांत ५०४ स्त्रियांवर झालेली, २०१७ मध्ये ‘जामा’त आलेली चाचणी या दृष्टीने अभ्यासावी. बिंदू कोणते, सुई किती खोल, सहा आठवड्यांत अठरा वेळा उपचार, एका तासात गळणारी लघवी ग्रॅममध्ये मोजण्याची रीत, हे सारे तिच्यात स्पष्ट आहे. असा तपशील कसा द्यावा, हे अ‍ॅक्युपंक्चरसाठी ‘स्ट्रिक्टा’ नियमावलीत आणि औषधी योगांसाठी ‘कन्सोर्ट’ या चाचण्यांच्या अहवाललेखनाच्या नियमावलीच्या २०१७ च्या पुरवणीत मिळते.

औषधींवर काम करणाऱ्यांनी वनस्पतीची ओळख प्रयोगशाळेतून पटवून घ्यावी आणि नमुना जपून ठेवावा. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या औषधात स्टेफानिया या वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया ही दुसरीच वनस्पती गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली.

एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) संमती आणि चाचणीची सार्वजनिक नोंदणी पहिल्या रुग्णाआधीच व्हायला हवी. संख्याशास्त्रज्ञालाही तेव्हाच गाठावे. गोळा झालेल्या माहितीतली उणीव त्याला नंतर भरून काढता येत नाही. मोठ्या चाचणीची घाई मात्र नको. एकाच आजाराचे ओळीने येणारे सगळे रुग्ण ठरलेल्या तक्त्यात नोंदवा, आणि जे परत आले नाहीत त्यांना फोन करून त्यांचीही स्थिती त्याच तक्त्यात लिहा.