‘आस्क’ सोडून मोठा शब्द वापरला तेव्हा

मराठी माध्यमातून शिकून पहिल्या नोकरीत इंग्रजी मेल लिहायला बसलेल्यांसाठी हे लिहितेय. काळ, कर्ता-कर्म तुम्हाला येतं, ते इथे परत सांगत नाही. मी अडकले होते ते ‘आस्क’ या साध्या क्रियापदापाशी.

पुण्यात एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं काम होतं, लागून दोनच महिने झाले होते. ब्रिटनमधल्या एका ग्राहकाचं पेमेंट बिलापेक्षा थोडं कमी आलं. त्यांच्या अकाउंटंटला मी फोन करून विचारलं, काही कपात केलीय का? तो नीट बोलला, बघून सांगतो म्हणाला. फोन झाल्याची नोंद राहावी म्हणून मी त्यांच्या मॅनेजरला मेल टाकला : ‘आय क्वेश्चन्ड युअर अकाउंटंट अबाउट द शॉर्ट पेमेंट.’ आदल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका सीनियरनी सांगितलं होतं, सारखं आस्क-आस्क लिहू नकोस, शाळकरी वाटतं. प्रश्न म्हणजे क्वेश्चन, मग प्रश्न विचारला म्हणजे क्वेश्चन्ड. मला त्यात काहीच खटकलं नाही.

दोन ओळींचं उत्तर आलं, तेही आमच्या साहेबांना सीसी करून. आमच्या माणसावर तुमचा नेमका आरोप काय आहे, असं त्यात विचारलं होतं. त्या दिवशी डबा उघडला नाही मी.

आता हे नीट लक्षात घ्या. क्वेश्चन हे नाम निरुपद्रवी आहे. ‘आय आस्क्ड हिम अ क्वेश्चन’ लिहा, बिनधास्त लिहा. पण त्याचं क्रियापद केलं आणि पुढे माणूस ठेवला, की अर्थ होतो जाब विचारला. पोलिस संशयिताला ‘क्वेश्चन’ करतात. पुढे माणसाऐवजी वस्तू किंवा निर्णय आला, तर अर्थ होतो शंका घेतली, आक्षेप घेतला. ‘आय क्वेश्चन द बिल’ म्हणजे बिलाबद्दल प्रश्न आहे असं नव्हे, बिल मला खरं वाटत नाही. ‘इंटरॉगेट’ तर त्याच्याही पुढे, सरळ उलटतपासणीच. आस्क हा जुन्या इंग्रजीतला, घरातला शब्द. क्वेश्चन फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आला, इंटरॉगेट लॅटिनमधून. समानार्थी शब्दांच्या याद्यांमध्ये तिन्ही शेजारी-शेजारी छापतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतात असं आपल्याला वाटतं. चालत नाहीत.

पेमेंटमधला फरक बँकेने वाटेत कापून घेतलेल्या चार्जेसचा निघाला. अकाउंटंटनेच तो शोधून कळवला. मी माफीचा मेल लिहिला, त्यात फक्त ‘आस्क्ड’ वापरलं. तुमच्याकडूनही असं झालं, तर लगेच माफी मागा. लोक समजून घेतात, आणि त्या एका शब्दाने नोकरी जात नाही.

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून घेणाऱ्या क्लासवर माझा विश्वास नाही. शब्दापुढे काय येतं हे जो शिकवत नाही, तो अर्धंच शिकवतो. सीनियरचा सल्लाही लर्नर्स डिक्शनरीतली, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशातली, उदाहरणं वाचल्याशिवाय घेऊ नका, तो कितीही चांगल्या मनाने दिलेला असो.

‘डिमांड’ तर हमखास चुकतं. आपल्याकडे मागणी हा सौम्य शब्द आहे, मुलीलासुद्धा मागणी घालतात. इंग्रजीत ‘वुई डिमांड द सॅम्पल’ म्हणजे सॅम्पल द्याच, नाहीतर बघून घेऊ. ज्या फ्रेंच क्रियापदावरून तो आला, त्याचा आजही अर्थ नुसतं विचारणं-मागणं असा आहे, पण इंग्रजीत आल्यावर त्याला धार चढली.

चौकशीचंही तसंच. स्टेशनवरच्या खिडकीवरही चौकशी लिहिलेलं असतं, आणि घोटाळ्याचीही चौकशीच होते. ब्रिटिश लिखाणात साध्या विचारपुशीला ‘ई’ने सुरू होणारी एन्क्वायरी आणि तपासाला ‘आय’ने सुरू होणारी इन्क्वायरी, असा फरक बरेच जण पाळतात. आणि ‘एन्क्वायर हिम’ कधीच नाही, ‘एन्क्वायर अबाउट’ म्हणा. शंका विचारायला ‘आय हॅव अ डाउट’ आपल्या ऑफिसात चालून जातं, पण परदेशी माणसाला ‘आय डाउट युअर फिगर्स’ लिहिलंत, तर त्याचे आकडे खोटे वाटतात असं तुम्ही त्याला सांगितलंत.

मराठीत विचारणं आणि मागणं वेगळं. इंग्रजीत दोन्हीला आस्क, मागायचं असेल तर त्या वस्तूच्या आधी फॉर. ‘आस्क हिम द प्राइस’ म्हणजे किंमत विचार, ‘आस्क हिम फॉर द बिल’ म्हणजे बिल माग. परमिशन आणि फेव्हर फॉरशिवायही चालतात. ‘त्याला’ मधल्या ‘ला’मुळे आपल्या हातून ‘आस्क टू हिम’ जातं, तो ‘टू’ काढून टाका.

रिक्वेस्टचं याच्या उलट. ‘आय रिक्वेस्ट थ्री डेज लीव्ह’ असं लिहायचं, तिथे फॉर नको. ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ म्हणताना मात्र हवा, कारण तिथे ते नाम आहे. माझ्या रजेच्या अर्जात हा फॉर पुढे वर्षभर चुकत होता, रजा मात्र मिळत होती.