झेनोमाय: रिअल-टाइम थ्रेड लिनक्सकडे पळतो तेव्हा
झेनोमाय म्हणजे लिनक्सवर वेळेची हमी (रिअल-टाइम) देणारी प्रणाली. लिनक्सशेजारी झेनोमाय ३ चा कोबाल्ट हा छोटा रिअल-टाइम कर्नल, त्यावर दर १ मिलिसेकंदाला फिरणारं कंट्रोल लूप. लेटन्सी टेस्ट (उशीर मोजणारी चाचणी) स्वच्छ, पण डिस्कवर लोड आला की लूप लटपटायचं.

प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणारी /proc डिरेक्टरी) झेनोमायच्या स्टॅट फाइलीत एमएसडब्ल्यू (मोड बदलांची मोजणी) रकाना सेकंदाला सुमारे १,००० नी वाढत होता. म्हणजे थ्रेड दर फेरीला लिनक्सच्या हाती जाऊन परत येत होता.

असा बदल झाला की इशारा देणारा वॉर्न-एसडब्ल्यू मोड लावून, त्याच्या सिग-डीबग सिग्नलवर बॅकट्रेस (कोड कुठल्या कॉलमधून तिथे पोचला याची यादी) काढला. चोर सापडला क्लॉक-नॅनोस्लीप या थ्रेडला ठरावीक वेळ झोपवणाऱ्या फंक्शनमध्ये. एक लायब्ररी झेनो-कॉन्फिग या टूलने दिलेल्या, कॉल कोबाल्टकडे वळवणाऱ्या रॅप फ्लॅगशिवाय लिंक झाली होती, त्यामुळे कॉल कोबाल्टऐवजी थेट जीलिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीकडे. कंपायलर कुरकुरत नाही, हीच खरी डोकेदुखी!

पॉझिक्स स्किनचे (झेनोमायचा पॉझिक्स इंटरफेस) सीफ्लॅग (कंपाइलचे पर्याय) आणि एलडीफ्लॅग (लिंकचे पर्याय) दोन्ही देऊन ती लायब्ररी पुन्हा बांधली. रकाना सुरुवातीच्या आकड्यावरच थांबला.